राजाला 'क्राल' का म्हणतात? युरोपातली पदं, माणसांची नावं आणि गावांची नावं

प्रागकर

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं कामानिमित्त प्रागमध्ये राहतोय. इथे ६ जानेवारीच्या आसपास लहान पोरं डोक्यावर कागदी मुकुट घालून दारोदार फिरतात, गाणं म्हणतात, सीलबंद डब्यात मदत गोळा करतात आणि जाताना दाराच्या चौकटीवर खडूने के, एम, बी ही तीन अक्षरं आणि सालाचे आकडे लिहून जातात. पहिल्या वर्षी मला वाटलं कोणीतरी दार खराब केलंय आणि मी ओल्या फडक्याने ते पुसून टाकलं, शेजारच्या आजी बघत होत्या, त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकारी बाईंनी समजावलं की ते काश्पार, मेलिखार, बाल्ताझार, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले 'त्री क्रालोव्हे', तीन राजे. काही लोक त्याच अक्षरांतून 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' असं लॅटिन वाक्यही वाचतात. थोडक्यात मी घरावरचा आशीर्वाद पुसला होता. पुढच्या वर्षीपासून हात लावला नाही, अजून तसाच आहे.

तर मुद्दा असा की मी त्यांना सहज विचारलं, 'क्राल' म्हणजे राजा, पण हा शब्द आला कुठून? त्या म्हणाल्या, कारेलवरून. मला वाटलं मस्करी करतायत. पण नाही, खरंच तसं आहे. फ्रँक लोकांचा राजा कार्ल, चेकमध्ये कारेल, आपण शाळेत ज्याला शार्लमेन म्हणून शिकलो तो. शार्लमेन हे काही वेगळं नाव नाही, लॅटिन 'कारोलुस माग्नुस', म्हणजे थोरला कार्ल, जसं आपण थोरले बाजीराव म्हणतो तसं. ८०० साली ख्रिसमसच्या दिवशी रोममध्ये पोपने त्याला सम्राटाचा मुकुट घातला, ८१४ ला वारला. त्याच्या राज्याच्या पूर्व सीमेला सगळे स्लाव्ह लोक, ८०५ ला त्याच्या फौजा इथे बोहेमियातही शिरल्या होत्या. या लोकांनी पाहिलेला सगळ्यात मोठा राजा हा, त्यामुळे राजा म्हणजे कार्ल असंच डोक्यात बसलं. चेक क्राल, पोलिश क्रूल, रशियन कोरोल, हंगेरियन किराय, लिथुआनियन कारालियुस, सगळे कार्लच. येशूच्या जन्माला आलेल्या तिघांना मॅथ्यूच्या शुभवर्तमानात राजा म्हटलेलंही नाही, आणि चेक भाषेत मात्र ते तिघे 'कार्ल' झाले!

आता प्रागचा कार्लूव्ह मोस्त घ्या, चार्ल्स ब्रिज. हा चौथा कारेल, १३५७ ला पुलाची पायाभरणी केली. हा जन्माने कारेल नव्हताच, बारशाचं नाव व्हात्स्लाव्ह. लहानपणी त्याला फ्रान्सच्या दरबारात पाठवलं, तिथला राजा चार्ल्स त्याच्या आत्याचा नवरा, त्याच्यावरून त्याने कारेल नाव घेतलं. आणि मग तो 'क्राल कारेल' झाला, म्हणजे शब्दशः कार्ल कार्ल. रोज ट्रॅममधून तो पूल दिसतो आणि रोज हे आठवतं.

अशी आणखी कोणाकडे उदाहरणं असतील तर लिहा. माणसाचं नाव पद झालं, पद आडनाव झालं, गावाचं नाव भलतंच झालं, सगळं चालेल.

सांगलीकर

धागा भारी आहे, पण एक शंका. क्राल आणि कार्ल सारखे वाटतात म्हणून एकच, असं म्हणता येतं का? असल्या जोडाजोडीत लई लोक फसल्यात. उद्या कोणी म्हणेल 'किराय' आपल्या किराण्यावरून आला.

भाषावेडी

सांगलीकर, शंका अगदी बरोबर आहे आणि ती विचारलीच पाहिजे. इथे पुरावा नुसत्या सारखेपणाचा नाहीये, नियमाचा आहे. जुन्या स्लाव्ह भाषेत शब्दाच्या मध्ये 'अर' किंवा 'अल' आला आणि पुढे व्यंजन असलं की प्रत्येक शाखेने त्याची आपापल्या पद्धतीने मोडतोड केली, आणि दरवेळी त्याच पद्धतीने केली. गड किंवा तटबंदीचं गाव याला जो शब्द होता, साधारण 'गोर्द' असा, त्याचं चेकमध्ये ह्राद झालं, दक्षिणेकडे ग्राद (बेलग्राद म्हणजे पांढरा गड), पोलिशमध्ये ग्रूद, रशियनमध्ये गोरोद (नोव्हगोरोद म्हणजे नवं शहर). दुधाचं बघा, चेक म्लेको, रशियन मोलोको. आता कार्ल या रांगेत ठेवा: चेक क्राल, पोलिश क्रूल, रशियन कोरोल. ह्राद-ग्रूद-गोरोद, क्राल-क्रूल-कोरोल. एकाच साच्यातून काढल्यासारखं आहे की नाही? म्हणजे हे नाव स्लाव्ह भाषांमध्ये शिरलं तेव्हा हा बदल अजून चालू होता, आणि कार्लचा काळ त्याला बरोबर जुळतो. म्हणून हे मान्य झालंय, नुसतं कानाला गोड लागतं म्हणून नाही.

आणि कार्ल शब्दाचा मूळ अर्थ? पुरुष, साधा मोकळा माणूस. जर्मनमध्ये 'केर्ल' म्हणजे आजही 'गडी', आणि इंग्लिशमध्ये त्याच घराण्यातला 'चर्ल' शब्द घसरत घसरत गावंढळ, उद्धट माणूस इथपर्यंत आला. एकाच शब्दाचं एकीकडे राजा झालं आणि दुसरीकडे गावंढळ. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

सांगलीकर

पटलं. गोरोद-कोरोल वाचून तर अंगावर काटा आला राव. ल्हा आणखी.

जुनी_वही

मग सीझर पाहिजेच इथे. तोही माणूसच, ज्युलियस सीझर. सीझर हे त्याच्या घराण्याचं नाव, आपल्या भाषेत आडनाव म्हणा. इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला, मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलेलं होतं म्हणून ऑक्टेव्हियनने ते नाव लावलं, हाच पुढे ऑगस्टस. त्याच्यानंतरचेही नात्याने नाहीतर दत्तक म्हणून त्याच घरातले. इ.स. ६८ ला नीरो मेला आणि घराणं संपलं, पण नवीन येणाऱ्या सम्राटांनी सीझर लावणं सोडलं नाही, काहीही नातं नसताना. माझ्या मते आडनावाचं पद झालं ते इथेच. उच्चार तेव्हा 'सीझर' नव्हता, 'कायसर' असा होता, म्हणून जर्मन कैसर हा मूळ उच्चाराला आपल्या शाळेतल्या सीझरपेक्षा जवळचा. स्लाव्ह बाजूला त्याचं झिजून त्सार झालं. बल्गेरियाच्या सिमेऑनने ९१३ मध्ये हे पद घेतलं, रशियात इव्हान चौथा १५४७ मध्ये राज्याभिषेक करून त्सार झाला. कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर ऑटोमन सुलतान मेहमेद दुसरा, त्यानेही स्वतःला 'कैसर-ए-रूम' म्हणवून घेतलं.

आणि हे आपल्यापर्यंत येऊन पोचलं. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया 'कैसर-ए-हिंद' झाली. शब्द मुद्दाम निवडला, कारण फारसी-उर्दूमुळे कैसर इथे ओळखीचा होता. पुढे १९०० पासून त्या नावाचं पदक द्यायला लागले, गांधीजींनाही मिळालेलं, त्यांनी ते १९२० मध्ये परत केलं. खून झालेल्या एका रोमन माणसाचं आडनाव दोन हजार वर्षांनी एका भारतीयाने सरकारला परत पाठवलं. मी नोकरीत असताना जुन्या कागदांत हा शब्द बघायचो, तेव्हा हे माहीत नव्हतं.

सीझर पोट फाडून जन्माला आला म्हणून सिझेरियन, असं कोणी लिहिणार असेल तर आधीच सांगतो, त्याची आई ऑरेलिया तो मोठा होऊन लढाया मारेपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळी पोट फाडल्यावर आई वाचत नसे.

तुळशीवृंदावन

छान माहिती. पण शेवटी हे सगळं संस्कृतमधूनच गेलंय ना? रेक्स म्हणजे राजा, लॅटिनने आपल्याकडूनच घेतला.

भाषावेडी

घेतला नाही हो, दोघांना एकाच घरातून वारसा मिळाला. संस्कृत राजन्, लॅटिन रेक्स, जुन्या केल्टिकमधला 'रिक्स' ही सख्खी भावंडं, एक दुसऱ्याची आई नाही. तुम्ही म्हणताय त्यातला आनंद मला कळतो, आणि खरं नातं काही कमी सुंदर नाहीये. सीझरशी लढलेला गॉलचा (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा) वेर्सिंगेतोरिक्स, त्याच्या नावाच्या शेवटी 'रिक्स' आहे म्हणजे राजा. जर्मानिक लोकांनी हा शब्द केल्ट शेजाऱ्यांकडून उचलला आणि तो त्यांच्या नावांच्या शेपटीला चिकटला, हाइनरिख, फ्रीडरिख, रोडेरिक. जर्मन 'राइख' पण तोच. म्हणजे आपल्या महाराज शब्दातला राज आणि फ्रीडरिखमधला रिख एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ.

नद्यांचंही थोडं असंच. वेदात 'दानु' शब्द आहे, थेंब, वाहतं पाणी. त्याचा इराणी भाऊ 'दानु' म्हणजे नदी, आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या इराणी भाषिक लोकांनी तो नद्यांना दिला. डॉन, द्नीपर, द्निस्टर या तिन्हींत तो बसलाय.

वसईची_पोर

रोडेरिक वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. माझं माहेरचं आडनाव रॉड्रिग्ज. लहानपणापासून सगळे विचारायचे तुम्ही पोर्तुगीज का, आणि मला फार राग यायचा, आम्ही वसईचे, घरात मराठी, शेतात केळी, पोर्तुगीज कुठून? आजी सांगायची की बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा गॉडफादरचं आडनाव लागायचं, तसं लागलं. पुढे कॉलेजात असताना मी यामागे लागले आणि जे मिळालं ते मला अजून पचलेलं नाही.

पोर्तुगीजमध्ये आडनावाच्या शेवटी जो 'एस' असतो (स्पॅनिशमध्ये झेड) त्याचा अर्थ 'चा मुलगा'. रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, फर्नांदोचा फर्नांडिस, गोन्सालोचा गोन्साल्विस, लोपोचा लोपीस. वास्कोचा मुलगा वास्केस, तो आखडून वाझ. म्हणजे आपलं मधलं नाव असतं ना वडिलांचं, तेच, फक्त तिकडे ते गोठून कायमचं आडनाव झालं. पण रॉड्रिगो हे नाव पोर्तुगीजही नाही मुळात! स्पेन-पोर्तुगालवर रोमन गेल्यावर गॉथ लोकांनी राज्य केलं, ते जर्मानिक भाषा बोलणारे, आणि नाव त्यांचं, कीर्ती आणि राजा असे दोन तुकडे. त्यांचा शेवटच्या काळातला राजा रोडेरिक म्हणजेच रॉड्रिगो, ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या तारिकच्या सैन्यापुढे हरला. (जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर, तो हाच तारिक.) राज्य गेलं, गॉथ भाषा गेली, पण त्यांची नावं लोक पोरांना ठेवत राहिले. तिथून जवळजवळ ८०० वर्षांनी १५१० ला पोर्तुगीज गोव्यात आले, १५३४ ला वसई मिळाली, आणि ते नाव कोणाच्या तरी वहीत माझ्या पणजोबांच्या पणजोबांपुढे लिहिलं गेलं. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली.

मला आता कोणी पोर्तुगीज का विचारलं तर राग येत नाही, मी बसवून ही सगळी गोष्ट सांगते. आणि त्यातला शेवटचा तुकडा, तो 'राज'वाला, तो मला भाषावेडी ताईंमुळे आज कळला. आईला फोन करून सांगितलं.

बाकी आडनावांचे अर्थ तर साधेच आहेत. परेरा म्हणजे पेअरचं झाड, कार्व्हालो ओक, डिसिल्वा रानातला, डिसोजा उत्तर पोर्तुगालातल्या सौझा नदीकाठचा. लोबो म्हणजे लांडगा, आणि लांडगे आडनाव घाटावर आहेच की.

सांगलीकर

ताई, हे लिहून फार चांगलं केलंत. माझा एक मित्र लोबो आहे, त्याला आत्ता लिंक पाठवली.

यॉर्कजवळचा

मी लीड्सला असतो, यॉर्क अर्ध्या तासावर, त्यामुळे तिथे बऱ्याच फेऱ्या होतात. पदं राहू देत, मी गावाचं सांगतो, कारण यॉर्क हे नाव म्हणजे ऐकण्याच्या चुकांची माळ आहे. रोमनांनी इ.स. ७१ च्या सुमारास तिथे छावणी घातली, नाव एबोराकुम, ते स्थानिक केल्टिकमधून, यू नावाच्या झाडावरून. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले, त्यांना एबोर काही कळेना, त्यांच्या कानाला ते 'एओफोर' वाटलं, म्हणजे रानडुक्कर, म्हणून त्यांनी केलं एओफोरविक. ८६६ मध्ये डेन लोकांनी शहर घेतलं, त्यांच्या तोंडी ते योर्विक झालं, आणि ते दाबत दाबत यॉर्क. झाडाचं रानडुक्कर झालं आणि शेवटी काहीच उरलं नाही, नुसता आवाज. मग १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावाने न्यूयॉर्क केलं. आणि सीझरचा विषय निघालाच आहे तर कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं ते इथेच, ३०६ मध्ये.

आता एक गंमत जी तिथे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. यॉर्कच्या जुन्या भागात रस्त्यांना 'गेट' म्हणतात, स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईलमध्ये नकाशा बघत 'गेट' शोधत उभा होतो, समोर नुसता रस्ता आणि दुकानं. 'गेट' हा डेन लोकांचा 'गाता', म्हणजे आळी. मिकलगेट म्हणजे मोठी आळी. खऱ्या वेशीला तिथे 'बार' म्हणतात, मिकलगेट बार. आणि कॉपरगेट म्हणजे तांबट आळी असेल असं मी घरच्यांना ठासून सांगितलं होतं, पुण्याची तांबट आळी डोक्यात. चूक. तो 'कॉपर' तांब्याचा नाही, 'कोप्पारी' म्हणजे लाकडाचे पेले कातणारा. कातारी आळी म्हणा. १९७६ पासून तिथे उत्खनन झालं तेव्हा जमिनीखालून कातलेल्या लाकडाचे पेले-वाडगे आणि त्यांचे मधले उरलेले गोळे निघाले. नाव हजार वर्षं खरं बोलत होतं. ते गोळे संग्रहालयात काचेमागे ठेवलेत, मी बराच वेळ बघत उभा होतो.

चकली

वाचनखूण साठवली. लॉर्ड आणि लेडीबद्दल कोणी लिहा ना, पावाशी काही संबंध आहे असं ऐकलेलं.

फ्रँकफुर्टी

लिहितो. लॉर्ड हा जुन्या इंग्लिशमध्ये 'ह्लाफवेआर्द', ह्लाफ म्हणजे पाव (आत्ताचा लोफ), वेआर्द म्हणजे राखणदार. पाव राखणारा. लेडी 'ह्लॅफदिगे', पाव मळणारी. त्या 'दिगे'चं नातं डो म्हणजे कणकेच्या गोळ्याशी आणि आपल्या 'देह' शब्दाशी, मळून-लिंपून घडवलेलं ते. पदरच्या माणसाला तेव्हा 'ह्लाफॅटा' म्हणत, म्हणजे पाव खाणारा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अगदी अक्षरशः.

मला विचाराल तर युरोपातली बहुतेक मोठी पदं अशी घरकामातून आणि चाकरीतून वर आलीत. मार्शल म्हणजे घोडा अधिक चाकर, सरळ मोतद्दार. त्याच शब्दाचा मान वाढत वाढत फील्ड मार्शल माणेकशांपर्यंत आला. कॉन्स्टेबल म्हणजे लॅटिन 'कोमेस स्ताबुली', पागेचा अधिकारी, आपल्याकडे पागनीस आडनाव आहे ना त्याच खात्यातला. हा शब्द उलटा गेला, फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल म्हणजे राजाचा सरसेनापती होता आणि आता चौकातला पोलीस. नाइट म्हणजे मुळात पोरगा, हाताखालचा गडी. इंग्लंडमध्ये तो सरदार झाला आणि इथे जर्मनीत तोच शब्द 'क्नेख्त' शेतावरचा गडीच राहिला. काउंट म्हणजे राजाबरोबर चालणारा सोबती. त्या दर्जाला इंग्लंडमध्ये अर्ल म्हणतात, पण त्याला स्त्रीलिंगी रूप नाही म्हणून अर्लची बायको काउंटेस, हे मला फार दिवस कळत नव्हतं.

स्कॉटलंडचं स्टुअर्ट घराणं तर पूर्ण उदाहरण आहे. स्ट्युअर्ड म्हणजे वाड्याचा कारभारी. या घरात स्कॉटलंडच्या राजाची कारभारकी पिढीजात होती, तेच आडनाव झालं, आणि १३७१ मध्ये कारभाऱ्याच्या घरातला रॉबर्ट राजा झाला. कारभाऱ्यांकडे सत्ता आली की काय होतं हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

त्यावरून ड्यूक. लॅटिन 'दुक्स', पुढे नेणारा. जर्मनमध्ये ड्यूकला हेर्त्सोग म्हणतात, सैन्याच्या पुढे जाणारा. आणि पेशवा? फारसी 'पेश', म्हणजे पुढे. पुढे असणारा तो पेशवा. तिघांची भाषा वेगळी, मूळ वेगळं, पण पद देताना डोळ्यासमोर तेच चित्र.

आणि माझ्या बिल्डिंगच्या बेलवर दोन शुल्झ आणि एक मायर आहे. शुल्झ म्हणजे 'शुल्टहाइस', गावातली देणी वसूल करणारा, गावप्रमुख. पाटील हो! मायर हा जमीनदाराचा कारभारी. रोज पाटलांची नावं वाचत जिना चढतो.

सांगलीकर

शुल्झ पाटील 😄 आता फुटबॉल बघताना हेच आठवणार.

जुनी_वही

देशांच्या नावांचं राहिलं. वेल्स म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी दिलेलं नाव, अर्थ 'परके'. स्वतःच्याच देशात ते परके ठरले. ते स्वतःला 'कमरी' म्हणतात, एकाच मुलखातले लोक. तोच 'परका' बेल्जियमच्या वालोनियात आहे, रोमानियाच्या वालाखियात आहे.

प्रागकर

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. वसईची पोर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि बायकोला वाचून दाखवला.

जुनी वही, पोलिश लोक इटलीला 'व्ह्वोही' म्हणतात, तो पण तुमचा तोच परका, आता कळलं. आणि इथलंच एक: चेकमध्ये जर्मनीला 'न्येमेत्स्को' म्हणतात, 'न्येमी' म्हणजे मुका. ज्यांचं बोलणं कळत नाही ते मुके. आपल्याकडे म्लेच्छ शब्दाच्या मुळाशी असंच अस्पष्ट बोलणं आहे, आणि ग्रीकांचा बार्बारोस म्हणजे बर्बर बडबडणारा. जर्मन स्वतःला 'डॉइच' म्हणतात, त्याचा अर्थ फक्त 'लोकांची' भाषा.

जाता जाता एक. ज्या सहकारी बाईंनी मला खडूच्या अक्षरांचा अर्थ सांगितला त्यांना आज हा सगळा धागा जमेल तसा चेकमध्ये करून सांगितला, ह्लाफवेआर्द, कातारी आळी, शुल्झ पाटील सगळं. शुल्झचं ऐकून त्या म्हणाल्या, मग माझं बघ, माझं लग्नाआधीचं आडनाव क्रालोव्हा. इथे क्राल हे अगदी साधं, घरोघरी सापडणारं आडनाव आहे, आणि बायकांना 'ओव्हा' लागतं, म्हणजे क्रालची, क्रालच्या घरातली. मी म्हणालो, म्हणजे तुमच्या घरात राजे होते? त्या म्हणाल्या, छे रे, शेतकरी, पिढ्यान् पिढ्या बटाटे. कार्लचा मूळ अर्थ, साधा मोकळा माणूस, तो मी त्यांना तेव्हा सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, वडिलांना दाखवायला.